मुखचित्राची समस्यापूर्ती : आमिष, साचा आणि झडती

१

पोळ्याच्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीच्या परिसरात बैल तोरणाखाली उभे राहिले म्हणजे झडत्या सुरू होतात. झडतीची सुरुवात कशी करावयाची हे परंपरेने ठरलेले असते, आणि शेवटी सर्वांनी मिळून महादेवाचा गजर करावयाचा हेही ठरलेले असते. मधला भाग मात्र म्हणणाराचा. त्या भागात पाटील येतो, सावकार येतो, सरकार येते, कापसाचा भाव येतो. ऐकणारास साचा आधीपासून पाठ असतो. म्हणूनच त्यात या वर्षी काय भरले आहे इकडे त्याचे सारे लक्ष लागते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर झडती ही रिकाम्या जागा असलेली एक चौकट आहे, आणि त्या जागा भरण्याचा अधिकार तोरणाखाली उभ्या असलेल्या प्रत्येकास आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय झडती हा नसून तिच्याशी नाते सांगणारी एक अगदी अलीकडची चित्रपरंपरा हा आहे. यूट्यूबसारख्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्रफितीच्या दर्शनी भागी एक लहानसे चित्र असते. त्याला थंबनेल, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे चित्र, असे नाव आहे. येथे आपण त्याला मुखचित्र म्हणू. पाहणाराने त्यावर टिचकी मारावी एवढ्याच हेतूने ते केलेले असते, आणि पुष्कळदा आत जे नाही त्याचे वचन ते देते. अशा वचनास क्लिकबेट म्हणतात. आपण त्यास आमिष म्हणू. आता चमत्कार असा की, यांतील एखादे आमिषचित्र हौशी चित्रकारांच्या नजरेस पडते. ते त्यातील माणसांच्या जागी आपल्या आवडत्या कथांतील पात्रे घालून तेच चित्र पुन्हा रेखाटतात. एकाचे पाहून दुसरा रेखाटतो. आणि काही दिवसांतच मूळ चित्रफितीची आठवणही कोणास राहत नाही. ज्या चित्राचा जन्म भुलविण्यासाठी झाला, त्याचा शेवट सामुदायिक खेळात होतो.

हे कसे घडते, आणि या प्रवासात काय टिकते व काय गळून पडते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्याचे उत्तर केवळ आजच्या साधनांत शोधून सापडणार नाही. त्यासाठी सुमारे दीडशे वर्षे मागे, वऱ्हाडच्या कापसाच्या बाजारापर्यंत जावे लागते.

२

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी महत्त्व आले. १८६७ साली रेल्वे नागपुरास पोचली. पुढे यवतमाळचा कापूस ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय झालेल्या अरुंद रुळांच्या गाडीतून मूर्तिजापुरास, व तेथून मुंबईस जाऊ लागला. कच्चा माल ज्या वाटेने गेला त्याच वाटेने पक्का माल परत आला. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर एक लहानसे रंगीत कागदी चित्र चिकटविलेले असे. त्यावर कधी लक्ष्मी, कधी कृष्ण, कधी हत्ती, कधी वाघ. कागद लहान, रंग भडक, आकृती एक किंवा दोन.

या चित्राचे प्रयोजन काय होते? विकणारास ग्राहकाची भाषा ठाऊक नव्हती, आणि ग्राहकास अक्षर ठाऊक नव्हते. घाटंजीसारख्या ठिकाणी तर ही अडचण अधिकच होती. या भागात वऱ्हाडी मराठीच्या जोडीने कोलामी व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा आणि बंजाऱ्यांची गोरमाटी नांदत आल्या आहेत. बाजाराच्या दिवशी या सर्वांस एकाच वेळी कळेल अशी गोष्ट म्हणजे चित्र. ग्राहक कापडाचे नाव विचारीत नसे. ‘अमुक छाप’ द्या, असे म्हणे.

‘छाप’ हा शब्द या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. मुळात छाप म्हणजे ठसा, शिक्का. व्यापारात तो खुणेचा, म्हणजे वचनाचा वाचक झाला. घोडा छाप घेतला की मागच्या वेळी मिळाला तोच माल मिळेल, हे ते वचन. पुढे हाच शब्द समासाच्या उत्तरपदी येऊन ‘तसल्या प्रकारचा’ एवढाच अर्थ देऊ लागला, आणि तोही बहुधा हीनत्वदर्शक. ‘सडकछाप’ म्हणताना सडकेचा ठसा कोणी डोळ्यांपुढे आणीत नाही. ‘अंगठाछाप’ मधील अंगठा पूर्वी खराखुरा होता, कर्जाच्या कागदावर उमटत होता. आज तो केवळ अडाणीपणाची निशाणी आहे. ठसा, मग वचन, मग नुसता साचा, आणि शेवटी उपहास: एका शब्दाच्या अर्थाने हा जो मार्ग आक्रमिला, तोच मार्ग आमिषचित्र कसा आक्रमिते हे पुढे दिसून येईल.

ताग्यावरील लक्ष्मीचा आतील धोतराच्या सुताशी काही संबंध नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे. विलायती कापड चिनी मातीची भरमसाट खळ देऊन जड केलेले असते, एका धुण्यात त्याचे सत्त्व निघून जाते, अशी तक्रार त्या काळी सर्वत्र होती. कापड विरले, पण चित्र लोकांनी जपून ठेवले, भिंतीवर चिकटविले. विकणाराने आमिष म्हणून दिलेली वस्तू घेणाराने स्वतःच्या उपयोगासाठी वेगळी काढली. आपल्या विषयाचे हे पहिले उदाहरण होय.

३

ताग्यावरील चित्राहून मोठे चित्र घरोघरी पोचविण्याचे कार्य राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या छापखान्याने केले. हा शिलामुद्रणाचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविला गेला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींची पुन्हा पुन्हा रेखाटने झाली: दिनदर्शिकांवर, काड्यांच्या पेट्यांवर, औषधांच्या व साबणांच्या जाहिरातींवर. काढणारे हात निराळे होते. कोणी कमळ मोठे केले, कोणी हत्ती गाळले, कोणी नेसण बदलली. पण उभे राहण्याची ढब, हातांची ठेवण व कमळाचे स्थान ही टिकून राहिली. मूळ चित्रातील छायाप्रकाशाची नजाकत प्रथम गेली. बाह्यरेषा शेवटपर्यंत राहिली.

याच छापखान्याशी काही काळ संबंध आलेले दादासाहेब फाळके यांनी पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. सुरतेकडे त्याची जाहिरात करताना त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघा तीन आणे, असा पुकारा केला होता, ही आठवण चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. रात्र-रात्र चालणारी नाटके स्वस्तात पाहणाऱ्या प्रेक्षकास दीड तासाचा खेळ अपुरा वाटणार, हे ओळखून त्यांनी काळाचे माप काढून घेतले आणि त्या जागी लांबीचे माप ठेवले. यात असत्य एकही नव्हते. आमिष म्हणजे खोटे बोलणे, ही समजूत त्यामुळे दुरुस्त करून घेतली पाहिजे. आमिष बहुधा माप बदलते. जे मोजावयाचे ते सोडून दुसरेच काही मोजून दाखविते.

शब्दांच्या या पुकाऱ्यास चित्राची जोड देण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांना दिले जाते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविण्यात त्यांचा हात तयार झाला होता. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘वत्सलाहरण’ (१९२३) या चित्रपटाचे सचित्र भित्तिपत्रक हे आपल्याकडील अशा प्रकारचे पहिले, असे सामान्यतः मानतात. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक पुढील काळापर्यंत टिकून राहिलेल्यांपैकी आहे. चित्रपट हलता, भित्तिपत्रक स्थिर. तेव्हा हलत्या वस्तूतील कोणता क्षण स्थिर करावयाचा, हा प्रश्न प्रथमच उत्पन्न झाला. जो क्षण कथेत महत्त्वाचा तो निवडावा, की जो क्षण रस्त्याने जाणाऱ्यास थांबवील तो? भित्तिपत्रकाच्या धंद्याने उत्तरोत्तर दुसरा पर्याय स्वीकारला. मुखचित्र निवडणारा आजचा तरुणही हाच प्रश्न सोडवीत असतो.

छापील भित्तिपत्रके थोडी आणि गावे पुष्कळ, अशी स्थिती असल्यामुळे पुढील काम गावोगावच्या पेंटरकडे आले. ते लहान छापील चित्रावर चौकटी आखीत, तितक्याच चौकटी मोठ्या कापडावर आखीत, आणि एकेक चौकट पाहून चित्र वाढवीत. जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतील सिनेमाचे फलक या रीतीने तयार होत, आणि बैलगाडीवर चढून वाजतगाजत गावातून फिरत. चौकटीच्या पद्धतीत बाह्यरेषा बिनचूक उतरते. चेहरा मात्र हाताच्या सवयीने बदलतो. त्यामुळे एकाच नायिकेचा चेहरा दोन गावांत दोन बहिणींसारखा दिसे. शिवाय पेंटरला आपल्या गावाची आवड ठाऊक असे. तलवार हवी तेथे तो ती हातभर वाढवी; आग हवी तेथे नसलेली आग लावी. म्हणजे पुनर्लेखनाने आमिष ओसरत नसे, वाढत असे. मुंबईत अशाच प्रकारचे भव्य फलक रंगवून मकबूल फिदा हुसेन यांनी आपल्या उमेदीच्या काळात उपजीविका केली, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे नाव राहिले. तालुक्याच्या गावी आयुष्यभर फलक रंगविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे राहिली नाहीत, आणि संगणकावर छापल्या जाणाऱ्या फ्लेक्सने त्यांचा धंदाही संपविला.

तंबू उठून गेल्यावर भिंतीवर कोळशाने तोच नायक काढणारे मूल ही या साखळीतील शेवटची कडी होय. त्याला काही विकावयाचे नव्हते. आमिषाच्या चित्रातून आमिष वजा करून केवळ आनंदासाठी ते पुन्हा काढणारा हा पहिला चाहता.

४

आता मुखचित्राच्या रचनेकडे वळू. मोबाइलच्या पडद्यावर ते खरोखरच अंगठ्याएवढे दिसते, आणि त्याच्या शेजारी तितकीच आणखी चित्रे स्पर्धेला उभी असतात. एवढ्याशा जागेत क्षणार्धात अर्थ पोचवावयाचा म्हणजे काही बंधने आपोआप येतात. माणसे दोन किंवा तीन. त्यांच्यातील नाते प्रथमदर्शनी कळेल असे, जसे एक पाहतो व दुसरा दचकतो, एक रडते व दुसरी हसते. डोळे विस्फारलेले, तोंड उघडे. पार्श्वभूमी सपाट. ज्याकडे पाहावयाचे त्याभोवती लाल वर्तुळ, आणि त्याकडे रोखलेला लाल बाण. ताग्यावरील छाप आणि हे मुखचित्र यांचे साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

या लेखाचे मुख्य प्रतिपादन येथेच आहे. लहान आकारात भुलविण्यासाठी चित्राला जे गुण अंगी आणावे लागतात, नेमके तेच गुण त्याला पुन्हा काढण्यास सोपे करतात. ठळक बाह्यरेषा, मोजकी माणसे, एका नजरेत कळणारे नाते, आणि व्यक्तिविशेष पुसून टाकणारा अतिरेकी भाव, या सर्वांमुळे चित्रातील माणूस हा ‘अमुक एक’ न राहता ‘दचकणारा’, ‘रडणारी’, ‘मत्सर करणारा’ अशी जागा होऊन बसतो. आणि जागा म्हटली की ती भरता येते. संयत, सत्यनिष्ठ, तपशिलांनी भरलेल्या चित्राची अशी चौकट होत नाही. आमिष जितके निर्लज्ज, तितका त्याचा साचा अधिक चांगला.

यास अतिशयोक्तीच्या झिजेची जोड मिळते. भाषेत ही झीज नित्य चालू असते. ‘भयंकर’ या शब्दात एके काळी भय होते; आज आपण ‘भयंकर आवडले’, ‘भयंकर गोड’ असे निःशंकपणे म्हणतो. भय गेले, तीव्रता राहिली. ‘धक्कादायक’ या शब्दाचीही तीच गत वृत्तवाहिन्यांनी केली आहे. धक्का बसावा म्हणून तो शब्द आता कोणी वाचीत नाही. विस्फारलेल्या डोळ्यांचे मुखचित्र प्रथम फसविते, दुसऱ्यांदा चिडविते, आणि शंभराव्या वेळी हसविते. ज्या क्षणी ते हसविते, त्या क्षणी त्यातील वचन मेलेले असते आणि केवळ आकार उरलेला असतो. तो आकार मग कोणीही उचलावा.

येथे एक भेद मात्र सांभाळला पाहिजे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक ग्रंथात एक प्रयोग दिला आहे. एकाने चित्र पाहून आठवणीने काढावयाचे, दुसऱ्याने ते पाहून आठवणीने काढावयाचे, अशी साखळी लावली असता प्राचीन ईजिप्तच्या लिपीतील घुबडाचे हळूहळू मांजर झाले. प्रत्येकाने अनोळखी आकृतीस नकळत ओळखीच्या वळणावर आणले. संस्कृत शब्दांचे तद्भव रूप होताना असेच घडते. बोलणारास आपण शब्द बदलीत आहो याची जाणीव नसते. चाहत्यांचे पुनर्रेखाटन या जातीचे नव्हे. तेथे मूळ चित्र समोर असते, पाहणारालाही ते ठाऊक असते, आणि बदल जाणूनबुजून केलेला असतो. ते तद्भव नव्हे. ते विडंबन आहे. मूळ ठाऊक नसेल तर त्याची गंमत उरत नाही.

५

अशा पुनर्रेखाटनाची सुपरिचित उदाहरणे अलीकडच्या काही वर्षांतील आहेत. अँतोनियो गिल्येम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ साली जिरोना शहरात एक छायाचित्र घेतले. प्रेयसीसोबत चाललेला तरुण मागे वळून दुसऱ्या तरुणीकडे पाहतो, आणि प्रेयसी अवाक् होऊन त्याच्याकडे पाहते. जाहिरातदारांस भाड्याने देण्यासाठी घेतलेले हे चित्र. म्हणजे आमिषाचा कच्चा माल. २०१७ साली ते जगभर पसरले. तीन माणसांवर तीन नावे लिहिली की कोणताही मोह, कोणतीही बेइमानी त्यात बसे. लवकरच लोक नावे लिहिण्यावर न थांबता चित्रच पुन्हा काढू लागले, आणि पुराणांपासून व्यंगपटांपर्यंतची पात्रे त्या तीन जागांवर येऊन उभी राहिली. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, ‘सेलर मून’ या १९९२ साली सुरू झालेल्या जपानी चित्रमालिकेतील एकच चौकट जगभरच्या चित्रकारांनी आपापल्या शैलीत रेखाटली. ती चौकट आमिष म्हणून केलेली नव्हती. पण एक दिलेला आकार आणि असंख्य हात, हा खेळाचा नियम तोच.

महाराष्ट्रातील उदाहरण ध्वनीचे आहे, तरी ते येथे उपयोगी पडते. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) संगीतकार यशराज मुखाटे यांनी ‘साथ निभाना साथिया’ या जुन्या हिंदी मालिकेतील एका प्रसंगास ताल व सूर दिले. स्वयंपाकघरात त्या वेळी कोण होते, कुकरमधील हरभरे काढून रिकामा कुकर चुलीवर कोणी चढविला, असा तो सासूने केलेला जाब. मालिकेत या प्रसंगाचे काम प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत खिळवून ठेवण्याचे, म्हणजे आमिषाचेच होते. ताल मिळताच रहस्य गेले आणि प्रश्नाची चौकट तेवढी राहिली. मग तीत ज्याने त्याने आपले घर, आपली कचेरी, आपले राजकारण भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला. साच्याच्या लोकप्रियतेने आमिषास पुन्हा जीवदान द्यावे, असा हा उलटा प्रवासही होऊ शकतो.

या प्रकारास ‘मीम’ म्हणतात. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली हा शब्द घडविला तेव्हा त्यांच्या मनात अनुकरणाने पसरणारा संस्कृतीचा कोणताही घटक होता. मराठीत तो आला तो हसविणाऱ्या चित्रापुरता संकुचित होऊन. शब्द नवा असला तरी व्यवहार आपणांस नवा नाही. संस्कृत पंडितांच्या सभेत एक चरण दिला जाई आणि उरलेले चरण रचून श्लोक पुरा करावयाचा असे. दिलेला चरण जितका विक्षिप्त, तितकी पूर्तीची मौज अधिक. पंगतीतील उखाण्यात नाव घेण्याची जागा ठरलेली असते. कौतुक असते ते नावापर्यंत कोणत्या वाटेने आली याचे. आमिषचित्र ही अशीच दिलेली समस्या आहे, आणि पुनर्रेखाटन ही तिची पूर्ती. फरक इतकाच की, पंडिताने समस्या मुद्दाम समस्या म्हणून दिलेली असे; आमिषचित्र काढणाराचा तसा हेतू नसतो. लोक त्याच्या हातून ते काढून घेतात. ज्यांना गिऱ्हाईक म्हणून मोजले होते, त्यांनी कर्ते होऊन दिलेले हे उत्तर आहे.

६

परंतु प्रत्येक पुनर्लेखन हसत केलेले नसते, आणि ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात बसून लिहिणारास विसरता येत नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत हा जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेला. त्याबरोबर एक चित्र रूढ झाले: भेगाळलेली जमीन, तीवर उकिडवा बसलेला शेतकरी, कपाळावर हात, नजर आभाळाकडे. वृत्तपत्रांनी ते वापरले, चित्रफितींच्या मुखांवर ते झळकले, आणि शाळांच्या चित्रकला स्पर्धांत ‘शेतकरी’ हा विषय दिला की मुले तेच काढू लागली. मुलांच्या त्या चित्रांत उपहास नसतो. खरा कळवळा असतो. साचा मात्र बाहेरून आलेला असतो.

हा साचा या जिल्ह्यापुरता तपासून पाहावा. येथील जमीन काळी, कापसाची. ओलाव्याने फुगणे व उन्हाने आकसून तडकणे हा तिचा धर्मच आहे. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातही तिला भेगा पडतात, आणि जाणता शेतकरी त्याला जमिनीची आपोआप होणारी मशागत समजतो. मराठवाड्याच्या मानाने येथे पाऊसही बरा. येथील शेतकऱ्याचे दुखणे आभाळात जितके आहे त्याहून अधिक कापसाच्या भावात, कर्जात, बियाण्याच्या व औषधांच्या खर्चात आणि ओलिताच्या अभावात आहे. २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी पाऊसकाळ होता, आणि पीक डोक्याएवढे वाढले होते म्हणून विष श्वासात गेले. हिरव्यागार शेतातील त्या मृत्यूचा साचा झाला नाही. पाठीवरचा पंप आणि तोंडावर न बांधलेला रुमाल स्पर्धेच्या कागदावर क्वचितच उतरतो.

भेगाळ जमिनीच्या चित्राने फाळक्यांच्या जाहिरातीप्रमाणे माप बदलले आहे. भाव मोजावयाचा तेथे ते पाऊस मोजून दाखविते. दोष आभाळाचा ठरला की माणसांपैकी कोणास जाब द्यावा लागत नाही. विडंबन करणारा आमिषास आमिष म्हणून ओळखतो, म्हणून त्याच्या हातून त्यातील असत्य गळून पडते. श्रद्धेने पुन्हा काढणारा ते असत्य जसेच्या तसे पुढे नेतो. इतकेच नव्हे, तर आपल्या कळवळ्याने त्याला अधिक पवित्र करतो. तेव्हा पुनर्रेखाटन हे स्वभावतःच मुक्त करणारे आहे, असे म्हणता येणार नाही. रेखाटणाराला मूळ वचन खोटे असल्याचे ठाऊक आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

७

शेवटी पुन्हा तोरणाकडे येऊ. कापसाच्या भावावर झडती आजही म्हटली जाते, आणि तीत भाव हा भावच असतो. त्याचे आभाळ होत नाही. याचे कारण झडतीच्या रचनेत नसून तिच्या स्थळात आहे. म्हणणारा सर्वांना दिसत असतो. ज्याच्यावर ती म्हटली तो समोर उभा असतो, आणि त्याला उलट झडती म्हणण्याची मुभा असते. खोटे भरले तर तेथल्या तेथे दहा जण टोकतात. मुखचित्राच्या साच्यास असे तोरण नाही. ते कोणी काढले, त्यातील चेहरा कोणाचा, त्या माणसास हे मान्य आहे काय, हे विचारण्याची जागाच त्यात उरलेली नाही. चित्रातील माणूस ‘जागा’ झाला की खेळ सुरू होतो हे खरे. पण त्या जागेवर आधी एक माणूस होता, हेही तितकेच खरे.

भाषेच्या अभ्यासकाने म्हणींचे व वाक्प्रचारांचे कर्ते शोधण्याचा नाद फार पूर्वीच सोडला. ते शोधणे अशक्य झाले होते. चित्रांच्या बाबतीत ते अद्याप अशक्य झालेले नाही. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी चौकटी आखून फलक रंगविलेले काही वृद्ध हात अजून असतील. त्यांची नावे, त्यांचे शब्द आणि त्यांच्या हातच्या खुबी लिहून घेण्याचे काम आमच्यासारख्या विभागांनी हाती घ्यावे. आणि शाळेत ‘शेतकरी’ काढावयास सांगताना मुलास एवढेच विचारावे, की तू पाहिलेला शेतकरी काढलास, की पाहिलेले चित्र काढलेस? घाटंजीच्या मुलाच्या घरीच शेतकरी असतो. त्याला कागदावरून नजर उचलण्याचाच काय तो अवकाश आहे.